छपरावरचे चार पत्रे

३ मार्च, सोमवार

आजपासून दैनंदिनी लिहायची असं ठरवलं आहे. मोठ्या दिग्दर्शकांच्या दैनंदिन्या पुढे पुस्तकरूपाने निघतात. तेव्हा डोकं खाजवत आठवत बसण्यापेक्षा आत्ताच लिहून ठेवलेलं बरं. पथ्य एकच, खरं लिहायचं. छापताना काय ते बघू.

माहितीपट मंजूर झाला! विषय आहे चांगल्या शाळेसाठी धडपडणारे आदिवासी तरुण-तरुणी. डोंगरावर एक वस्ती आहे, तिथे आठवीपर्यंत शाळा आहे, आणि तिथली तरुण मंडळी दोन वर्षं सरकारदरबारी खेटे घालताहेत. अनुदान देणाऱ्या संस्थेला माझा प्रस्ताव फार आवडला म्हणे, त्यातही पान दोन. 'गळक्या छपराखाली, फुटक्या फळ्यासमोर, ओल्या जमिनीवर बसलेली ही मुलं आभाळाकडे पाहतात.' हे वाक्य मला घरी गॅलरीत चहा पिताना सुचलं.

बायको म्हणाली, "जाऊन आधी बघ तरी."

बायको माझ्या सगळ्या फिल्मचं संकलन करते, म्हणजे मी आणलेलं कापते. आता सवयच अशी लागली आहे की घरात माझं बोलणंही मधेच कापते.

याआधीचा माझा माहितीपट गिधाडांवर होता. त्याला उत्तेजनार्थ पारितोषिक मिळालं. गिधाडांनी सहकार्य केलं नाही. माणसं करतील.

५ मार्च, बुधवार

पोचलो. नदीपर्यंत जीप, पुढे दीड तास चढ. सोबत माझा कॅमेरामन. त्याला सगळे मुनी म्हणतात, कारण तो दिवसाला चार वाक्यं बोलतो. त्यातलं आजचं पहिलं त्याने चढावर धापा टाकत खर्च केलं. "छप्पर नवं दिसतंय."

छप्पर खरंच नवं आहे. एकदम कोरं! सतरा पत्रे, ओळीत, एक खिळा इकडचा तिकडे नाही. आत काळाकुळकुळीत फळा, रंधा मारलेले बाक, भिंतीवर मानवी हाडांचा तक्ता. मी मटकन पायरीवर बसलो. पान दोन तिथल्या तिथे निकालात निघालं.

चळवळीची म्होरकी एकोणीस वर्षांची मुलगी आहे. वस्तीत तिला वकील म्हणतात, कारण ती वाद घालायला लागली की समोरचा माणूस सही करून मोकळा होतो. मला उदास बसलेला पाहून तिने पाणी आणून दिलं आणि सगळी हकिगत सांगितली. या महिन्यात तपासणी अधिकारी येणार आहेत. इमारत नियमात बसली तर इथे नववी-दहावी मिळेल. नाही बसली तर आहे तीही शाळा बंद, आणि सगळ्या मुलांना तीस किलोमीटर खाली निवासी शाळेत धाडणार.

"तिथून काय होतं?" मी विचारलं.

"पळून येतात. आमच्या वर्गातल्या नऊ जणी गेलो होतो. सात जणी वर्षाच्या आत परत. मी राहिले, कारण मला चिडायला आवडतं."

तिची धाकटी बहीण यंदा आठवीत आहे. म्हणून गेले तीन महिने या पोरांनी पत्रे डोक्यावरून वर आणले, बाक घडवले, रंग दिला. सगळं स्वतः. हे ऐकून माझा ऊर भरून आला. पण भरलेला ऊर कॅमेऱ्यात दिसत नाही, गळकं छप्पर दिसतं. यांनी मला तीन महिने आधी कळवलं असतं तर काय बिघडलं असतं?

मी सर्वांना सांगितलं की मला सर म्हणू नका, मी तुमच्यातलाच आहे, दादा म्हणा.

सगळे म्हणाले, "बरं, सर."

६ मार्च, गुरुवार

प्रस्तावात परिच्छेद सहामध्ये 'समुदायाचा सर्जनशील सहभाग' असं मीच लिहून बसलो आहे. तो सहभाग म्हणून आपला जुना छोटा कॅमेरा वकिलीणबाईंच्या हाती दिला. मुनीने तिला दहा मिनिटं शिकवलं. त्यात त्याची दोन दिवसांची वाक्यं संपली असणार.

पोरीला नजर नाही. दृश्य कसं ते कळत नाही. समोर डोंगर उभा असताना ही छपराचे खिळे टिपत बसली. एक, दोन, तीन करत सतरा पत्रे मोजत टिपले, वर तारीख मोठ्याने बोलली. मग फळा, मग बाक. मी म्हटलं, "अगं, भावना टीप, भावना!" तर तिने कॅमेरा माझ्याकडे वळवला. गोड आहे बिचारी.

८ मार्च, शनिवार

मुलाखती. वकील बोलते उत्तम, पण कोरडं. एकेचाळीस अर्ज केले, तीन वेळा जिल्हा कार्यालयात चालत गेलो, अमुक नियम, तमुक कलम. मी शेवटी म्हटलं, "हे सगळं आठवून रडू नाही येत?"

"तेव्हा आलं होतं. आता छप्पर झालं ना. आता कशाला रडू?"

यालाच मी म्हणतो आशयाचा अभाव.

नंतर एका आजीची मुलाखत घेतली. वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई. ती फक्त त्यांच्या भाषेत बोलते, पण चेहरा असा की सुरकुतीसुरकुतीत इतिहास. मी मुनीला चेहऱ्याच्या अगदी जवळ जायला सांगितलं.

आणखी एक काम केलं. तपासणी अधिकारीसाहेबांना पत्र धाडलं. आमचं चित्रीकरण अठरा तारखेपर्यंत आहे, तुमची मुलाखत आम्हाला अत्यंत मोलाची वाटते, तेव्हा त्याआधी इकडे येणं जमलं तर फार उपकार होतील. माणसांना मान दिला की कामं होतात. हे या पोरांना अजून शिकायचंय.

११ मार्च, मंगळवार

तोडगा सापडला! आपण नवं काही रचायचं नाही, फक्त तीन महिन्यांपूर्वीचं सत्य पुन्हा उभं करायचं. छपरावरचे फक्त चार पत्रे उतरवायचे. फळा अर्धा दिवस बाहेर. बाक मागच्या अंगणात. मुलं जमिनीवर. एक दुपार, बस्स.

पोरांनी सभा घेतली. तास उलटला तरी संपेना. आपापसात त्यांच्या भाषेत हमरीतुमरी. शाळेचे एकुलते एक मास्तर एका कोपऱ्यात घाम पुसत होते. मी त्यांना समजावलं, "ही फिल्म जगभर दाखवतील. मग तुम्हाला नववीच काय, कॉलेज मिळेल." मास्तर म्हणाले, "आधी नववी मिळू दे."

शेवटी वकील उठली. "पत्रे परत कोण लावणार?"

"मी," मी छातीवर हात ठेवून म्हणालो. "स्वतःच्या हातांनी."

"कॅमेऱ्यासमोर बोला."

मी बोललो. पहिल्या वेळी आवाज थोडा चिरकला, म्हणून मीच पुन्हा एकदा घ्यायला सांगितलं. दुसरा फारच छान झाला. पोरीला हळूहळू समजायला लागलंय.

१२ मार्च, बुधवार

जमलं, पण पुरतं जमलं नाही.

सकाळी सुताराच्या उंच पोराने चार पत्रे उतरवले. प्रत्येक खिळा काढताना तो माझ्याकडे अशा नजरेने बघत होता की जणू मी त्याचा दातच उपटतोय. मुलं जमिनीवर बसली, फळ्याच्या जागी नुसती भिंत. सुंदर! पण पाऊस नाही. छप्पर गळतंय हे कळायला पाणी नको? मग त्याच उंच पोराला शिडीवर चढवून झारीने पाणी सोडायला लावलं. पहिली झारी मास्तरांवर पडली. दुसरी नेमकी पडली, पण मुलं हसायला लागली. मी ओरडलो, "हसू नका! अजून थोडं दुःखी! शाळा गेली असं समजा!"

पाचव्या झारीला वकिलाच्या बहिणीची विज्ञानाची वही भिजली. खरी वही. शाई पसरली, हृदयाची आकृती होती ती निळी झाली, आणि ती मुलगी खरंच रडली. मुनीने तेवढ्यात कॅमेरा खाली केला. इतक्या वर्षांचा अनुभव, आणि नेमक्या क्षणाला कच खाल्ली! मी त्याला चांगलंच झापलं.

उन्हाचा कोनही चुकला. उद्या परत.

१३ मार्च, गुरुवार

ढग. वेळ जावा म्हणून आजीला पुन्हा बोलतं केलं, बाकी काही नाही. पत्रे भिंतीला टेकवून ठेवलेत.

वकील दोनदा येऊन उभी राहिली. मी सांगितलं की माझ्या मनासारखं ऊन मिळेपर्यंत कोणी कशालाही हात लावायचा नाही. आज छप्पर पुरं, उद्या अर्धं, असं दिसलं तर बघणाऱ्याचा विश्वास उडतो. आमच्या धंद्यात सातत्याला फार महत्त्व आहे.

१४ मार्च, शुक्रवार

दोन दिवस शहरात जातोय. एका महाविद्यालयात माझं व्याख्यान आहे, खूप आधीच ठरलेलं. विषय 'माहितीपट आणि सत्य'. मुनीलाही नेतोय, व्याख्यानाचं चित्रीकरण करायला.

निघताना पुन्हा बजावलं, कशालाही हात लावू नका. वकील म्हणाली, "सर, तपासणी कधीही येऊ शकते." मी म्हटलं, "अगं, सरकारी माणूस ठरल्या तारखेला येत नाही, तो आधी कुठून येणार?"

सगळे हसले. म्हणजे मी हसलो.

१७ मार्च, सोमवार

काय सांगू! कथेला कलाटणी!

मी परत आलो तर वस्तीत चिडीचूप. शनिवारी तपासणी अधिकारी येऊन गेले. महिनाअखेरीस यायचे ते पंधरवडा आधीच उगवले. मास्तर सांगत होते, साहेब कडक इस्त्रीच्या शर्टात होते, केस नुकते रंगवलेले, आणि आल्याआल्या त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कॅमेरे कुठायत?" कॅमेरे व्याख्यानाला गेलेत म्हटल्यावर त्यांचं तोंड पडलं. मग त्याच पडलेल्या तोंडाने त्यांनी इमारत पाहिली. 'छप्पर अपुरे. फळा नाही. बाक नाहीत. मुले जमिनीवर बसतात. शाळा चालू ठेवण्यास अयोग्य.' मास्तरांनी पत्रे दाखवले, फळा दाखवला, हातापाया पडले. साहेब म्हणाले, "मी दिसतं ते लिहितो."

शेरा मारून गेले. सत्तावीस तारखेला जिल्हा कार्यालयात सुनावणी. तोवर इमारत 'जैसे थे' ठेवायची असा लेखी हुकूम. म्हणजे आता पत्रे लावायचीही सोय नाही.

वाईट झालं, फार वाईट. पण एक कलावंत म्हणून हेही लिहिलं पाहिजे की माझ्या माहितीपटाला शेवटचा तिसरा भाग नव्हता, तो आज मिळाला. सगळे जण पायरीवर बसले होते, ऊन तिरपं, मनासारखं. मी मुनीला हळूच म्हटलं, "घे." तो म्हणाला, "बॅटरी संपली." दुसरी लाव म्हटलं. "तीही संपली." तिसरीही संपलेली निघाली. या माणसाची शिस्त अलीकडे फार ढासळली आहे.

साहेब इतक्या लवकर का आले असतील हे मात्र कळत नाही. बहुतेक वरून दबाव असावा. यावर एक वेगळी फिल्म होईल.

१९ मार्च, बुधवार

टेकडीवर एका खडकावर उभं राहिलं की फोन लागतो. बायकोचा फोन. आम्ही पाठवलेली कॅमेऱ्याची सगळी कार्डं तिने पाहिली आहेत, वकिलाचंसुद्धा.

"साहेब का आले माहितेय तुला?" ती म्हणाली.

"वरून दबाव..."

"तू पत्र धाडलंस म्हणून. त्याची नक्कल तूच मला पाठवलीस, फाइलला लाव म्हणून."

मी म्हटलं, योगायोग आहे. ती पुढे म्हणाली, "त्या पोरीच्या कार्डात सगळं आहे. सहा तारखेचे सतरा पत्रे, तारखेसकट. बारा तारखेला झारीने पाणी सोडायला लावणारा तू. शाळा तू बंद पाडलीस, कळतंय का तुला?"

दिवसभर पडद्यासमोर बसून माणूस चिडचिडा होतो. मी विषय बदलला आणि आजीच्या चेहऱ्याबद्दल विचारलं. त्या दृश्याखाली मी 'आमचं दुःख आभाळाएवढं' अशी ओळ सुचवली होती. शिवाय तेरा तारखेला तिला पुन्हा बोलतं केलं होतं, तेही तिच्याकडे गेलंय.

"मी भाषांतर करून घेतलं," बायको म्हणाली. "आठ तारखेला ती म्हणते, या माणसाला खायला घाला, उन्हाने भोवळ आलेली दिसतेय. तेराला म्हणते, हा पत्रे परत कधी लावणार ते विचारा."

ओळ बदलावी लागेल.

२० मार्च, गुरुवार

वकील आली. सोबत बहीण. ती बाजूला बसून भिजलेल्या वहीतलं नव्या वहीत उतरवत होती. हृदयाची आकृती पुन्हा काढत होती, जीभ बाहेर काढून.

वकील म्हणाली, "सर, सुनावणीत मी माझं चित्रीकरण दाखवणार आहे. पण ते म्हणतील, काय पुरावा, कधीचंही असेल. तुम्ही येऊन सांगायला हवं."

"काय सांगू?"

"काय झालं ते."

मी तिला समजावून सांगितलं. खरंच समजावलं, अर्धा तास. हे बाहेर आलं तर माझी फिल्म बनावट ठरेल. कोणत्याच महोत्सवात घेणार नाहीत. मग तुमची व्यथा जगापुढे कशी जाणार? त्यापेक्षा फिल्म पुरी होऊ दे, दोन वर्षांत लोकमत तयार होईल, मग सरकार झक मारत...

"दोन वर्षं माझी बहीण काय आठवीतच बसणार?"

मी म्हटलं, विचार करतो. ती म्हणाली, "करा. सत्तावीसला सकाळी सहाला निघतो आम्ही. चालत."

बहिणीने तोवर आकृती पुरी केली होती. मला दाखवली. चार कप्पे, बाण, नावं. मी छान म्हटलं. तिने विचारलं, "यातला कुठला कप्पा चुकलाय का?" मला माहीत नव्हतं. ते इथे लिहून ठेवतो.

२२ मार्च, शनिवार

गिधाडांच्या वेळी असं नव्हतं. गिधाड उडून गेलं की संपलं. ते परत येऊन म्हणत नाही, चला सुनावणीला.

मी वाईट माणूस नाही. हे वाक्य लिहिलं आणि दहा मिनिटं नुसता त्याच्याकडे बघत बसलो.

२४ मार्च, सोमवार

सुनावणीसाठी निवेदन लिहायला बसलो. जाईनच असं नाही, पण लिहून ठेवायला काय हरकत आहे? पहिला मसुदा अडीच पानी झाला. त्यातलं महत्त्वाचं वाक्य असं. 'कलात्मक पुनर्रचनेच्या प्रक्रियेत छपराच्या स्थितीमध्ये तात्पुरता बदल घडून आला.' खडकावर जाऊन बायकोला वाचून दाखवलं.

"कोणी घडवला?"

दुसरा मसुदा. 'चित्रीकरण पथकाकडून बदल घडवण्यात आला.'

"पथक म्हणजे मुनी का?"

तिसरा. 'माझ्या देखरेखीखाली काही पत्रे हलवण्यात आले.'

"काही म्हणजे किती? हलवले म्हणजे काय, वाऱ्यावर?"

चौथ्यांदा मी वैतागून ओरडलो, "छपराचे चार पत्रे मी काढायला लावले! झालं?"

"हे ठेव," ती म्हणाली. "बाकीचं सगळं काप."

सहा शब्द. मी आयुष्यात लिहिलेली सर्वांत लहान संहिता. मी तिला विचारलं, हे बोललो तर पुढे मला काम कोण देईल? ती म्हणाली, "ते आपण दोघं मिळून बघू. पण त्या पोरीचं कार्ड मी कापून तयार केलंय आणि तिला पाठवलंयसुद्धा. सहा मिनिटांचं. तू गेलास तर बरं. नाही गेलास तरी तू त्यात आहेसच."

म्हणजे बाईसाहेबांनी माझा निर्णय माझ्याआधीच घेऊन टाकला होता.

२७ मार्च, गुरुवार

गेलो. सहा वाजता नाही, सव्वासहाला. तरी ते थांबले होते. वकील, उंच पोरगा, मास्तर आणि आजी. आजीने मला एक भाकरी दिली. भोवळ येऊ नये म्हणून असणार. मुनी मागून आला, कॅमेरा नसताना. हात मोकळे घेऊन चालताना मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं.

जिल्हा कार्यालयाची खोली म्हणजे चारी बाजूंनी फायली, मधे टेबल, एका पायाखाली घडी घातलेला कागद. टेबलामागे अध्यक्षबाई, एक सदस्य, एक लिहिणारा कारकून. बाजूला तपासणी अधिकारीसाहेब. केसांच्या मुळाशी पांढरं दिसायला लागलं होतं.

वकिलाने लॅपटॉप उघडला. सहा मिनिटं. पहिल्यांदा सतरा पत्रे, एकेक मोजत, तिचा आवाज आणि तारीख. फळा. बाक. मग मी, छातीवर हात ठेवून, 'स्वतःच्या हातांनी.' मग शिडी, झारी, भिजलेले मास्तर. 'हसू नका! अजून थोडं दुःखी! शाळा गेली असं समजा!' कारकून फसकन हसला आणि खोकल्याचं नाटक केलं. मी स्वतःला असं कधी पाहिलं नव्हतं. टोपी घालून, हात हलवत, पोरांवर ओरडणारा हा माणूस कोण? आणि एवढ्या वेळात याला कोणी थोबाडीत कशी मारली नाही? शेवटी ती लहान मुलगी, मांडीवर निळी झालेली वही. त्यानंतर नुसता कोरा पडदा.

पोरीला नजर नाही असं मी सहा तारखेला लिहिलं आहे. ते खोडत नाही. राहू दे तिथेच.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "हे गृहस्थ कोण?"

मी उभा राहिलो. तोंडून निघालं, "सत्य ही एक बहुस्तरीय..." वकिलाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. जिल्हा कार्यालयाकडे दोन वर्षं पाहिलं असेल तसं, आता काय कारण सांगतायत म्हणून.

"छपराचे चार पत्रे मी काढायला लावले," मी म्हणालो.

मग माझाच आवाज पुढे बोलायला लागला. साहेबांना लवकर यायचं पत्र मी लिहिलं. पत्रे लावू नका असं मी सांगितलं. मी गावाला गेलो होतो. हे मसुद्यात नव्हतं. कापायला बायको जवळ नव्हती.

अध्यक्षबाई साहेबांकडे वळल्या. "भिंतीला टेकवलेले पत्रे तुम्हाला दिसले नाहीत?"

"दिसले, मॅडम."

"मग लिहिलं का नाहीत? तुम्ही तर दिसतं ते लिहिता."

साहेबांनी फाइल उघडली, बंद केली, पुन्हा उघडली.

हुकूम झाला. आधीचा शेरा रद्द. छप्पर सात दिवसांत पूर्ववत करायचं, मग फेरतपासणी, दुसऱ्या अधिकाऱ्याकडून. सगळं जागेवर असेल तर जूनपासून नववी. वकिलाने तो कागद तीनदा वाचला, एका शब्दावर बोट ठेवून कारकुनाकडून दुरुस्त करून घेतला, आणि मगच बाहेर येऊन जिन्यात बसून रडली. चांगलं मोठ्याने, नाक ओढत.

मुनीने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

२९ मार्च, शनिवार

दोन दिवसांसाठी घरी आलो, तर संस्थेचं पत्र. झाल्या प्रकाराने आम्ही अस्वस्थ आहोत, अनुदान तूर्त स्थगित. मात्र सुनावणीत दाखवलेली सहा मिनिटं कोणी केली, त्या व्यक्तीशी आम्हाला बोलायचं आहे.

दोन तास राग राग केला. मग वकिलाचा पत्ता कळवला. नावाआधी 'माझी विद्यार्थिनी' असं लिहिलं होतं, ते खोडलं. तिला शिकवलं ते मुनीने, दहा मिनिटं.

३१ मार्च, सोमवार

सकाळी वर चढलो. छपरावर, म्हणजे. शिडी उंच पोराने धरली. घरून निघताना हा प्रसंग मनात पाहून ठेवला होता. उगवतं ऊन, छपरावर मी, हातात हातोडा, खाली सगळी वस्ती. म्हणून धुतलेला सदराही घातला होता.

पहिला पत्रा ओढून वाशावर बसवला. पहिला खिळा वाकला. दुसरा बसला. तिसऱ्याच्या वेळी अंगठ्यावर हातोडा बसला आणि मी चेहरा सावरून खाली पाहिलं, हे कोण टिपतंय ते बघायला.

कोणीच नव्हतं. अंगणात नुसत्या कोंबड्या. मुनी मागच्या बाजूला बाक आत नेत होता. वकील फळ्याचं दुसरं टोक धरून मास्तरांवर ओरडत होती, तिरपा झालाय म्हणून.

"कॅमेरा कुठाय?" मी वरून विचारलं.

"पिशवीत," ती म्हणाली. "का? काही मोडलं का?"

"नाही, नाही."

दुसरा पत्रा झाला. तिसरा झाला. सदऱ्याची बाही फाटली. उन्हाने डोकं तापलं, गुडघे पत्र्यावर भाजले. चौथ्या पत्र्याच्या मोकळ्या जागेपाशी येऊन जरा दम खायला टेकलो आणि आत डोकावलो. खाली वर्ग सुरू झाला होता. मुलं बाकांवर. फळ्यावर मास्तर हृदय काढत होते. छपराच्या भोकातून उन्हाचा एक चौकोन बरोबर वकिलाच्या बहिणीच्या वहीवर पडला होता. ती लिहिता लिहिता थांबली आणि मान वर करून माझ्याकडे पाहायला लागली.

पान दोन. 'ही मुलं आभाळाकडे पाहतात.' असं खरंच पाहतात तर! मी गॅलरीत बसून लिहिलेलं ते हेच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"काका," ती म्हणाली, "जरा सरका ना. सावली पडतेय."

सर गेलं, दादा काही झालं नाही. मी सरकलो, आणि चौथा पत्रा ओढून घेतला.